‘पोराला सुखोई आवडतं, स्पिटफायर कशाला?’ या प्रतिक्रियेला माझं उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. डिलीट करणार नाही, काळजी नसावी. जरा तिखट आहे, पण असंच बऱ्याच आईबापांना वाटत असणार म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, मी लिहिलं होतं की आठ-दहा वर्षांच्या मुलाला भाग जोडून विमानाचं प्लास्टिक मॉडेल बनवायचं पहिलं किट द्यायचं तर 1/72 स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, स्पिटफायर (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) घ्या, रंग-ब्रश-गोंद आत असलेला स्टार्टर सेट घ्या. त्यावर दादांचं म्हणणं असं की पोराला सुखोई आवडतं तर इंग्रजांचं जुनाट विमान त्याच्या गळ्यात का मारायचं, दीड-दोन हजारांचं प्लास्टिक कपाटावर धूळ खात बसणार त्यापेक्षा तेवढ्यात रिमोटचं विमान येतं ते उडतं तरी, आणि नऊ वर्षांच्या पोराच्या हातात ब्लेड आणि केमिकलचा गोंद द्यायला सांगताना ताईंना काही वाटतं की नाही.

वाटतं हो. म्हणून आधी ब्लेडचंच बोलू. ब्लेड मुलाच्या हातात द्या असं मी कुठेच लिहिलेलं नाही. फ्रेमवरून भाग सुटा करायला घरातलं नेलकटर पुरतं, फक्त अगदी भागाला खेटून कापायचं नाही, थोडं टोक ठेवायचं आणि मग ते पॉलिश पेपरने घासून काढायचं. 400 नंबरचा वॉटर पेपर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, पाण्यात बुडवून घासला की धूळ पण उडत नाही. मुलांना सवय असते भाग पिळून तोडायची, ते तेवढं करू देऊ नका, पिळला की प्लास्टिकचा लचका निघतो आणि तो नेमका पंखाच्या कडेचाच निघतो. कुठे ब्लेड लागलंच तर ते तुम्ही चालवा, पोराला बघू दे.

आता गोंद. बहुतेक जणांची गाडी इथेच रुळावरून घसरते, कारण घरात फेव्हिक्विक असतं आणि आपण म्हणतो चिकटवायचंच तर आहे. किटचा गोंद चिकटवत नाही, तो पॉलिस्टायरिन म्हणजे किटचं प्लास्टिकच वितळवतो, दोन्ही कडा मऊ होतात आणि एकजीव होऊन सुकतात. त्यामुळे पंख वाकडा बसला तर सरळ करायला थोडा वेळ मिळतो. फेव्हिक्विक तो वेळ देत नाही, बोटं चिकटतात ते वेगळंच, वर त्याच्या वाफेने कॉकपिटची पारदर्शक काच पांढरी धुरकट होते आणि मग मूल रडतं. काचेला साधा पांढरा फेव्हिकॉल लावा, सुकल्यावर दिसत पण नाही. बाकी विमानाला मात्र फेव्हिकॉल चालत नाही, प्लास्टिकवरून सोलून निघतो. आणि हो, किटच्या गोंदाला वास असतो, खिडकी उघडी ठेवून मोठ्यांनी शेजारी बसूनच वापरायचा, यात तडजोड नाही. वासाचा त्रास असेल तर संत्र्यासारखा वास येणारा लिमोनिनवाला गोंद मिळतो तो बघा. तरीही मन घेत नसेल तर गोंदच नसलेलं किट घ्या ना! एअरफिक्स कंपनीचं क्विक बिल्ड आहे, रेव्हेल कंपनीचं ईझी-क्लिक आहे, भाग एकमेकांत दाबून बसतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला मी तेच देईन. घरात अगदी लहान भावंड असेल तर बारीक भाग तोंडात जातात, तेव्हा थोडं थांबलेलंच बरं.

आता मुख्य भांडण, सुखोई की स्पिटफायर.

दादा, पहिल्या किटकडून माझी एकच अपेक्षा असते, ते पोराने स्वतः पूर्ण करावं. बापाने रात्री बसून नाही, पोराने. विमान कोणाचं, किती भारी, किती मिसाईल, हे सगळं नंतर. या एका कसोटीवर 1/72 चं सुखोई-30 ठेवून बघा. स्केल समजायला सोपं आहे, 72 इंच म्हणजे सहा फूट, म्हणजे सहा फुटी पायलट बरोब्बर एक इंचाचा होतो. खरं सुखोई जवळपास 22 मीटर लांब, म्हणजे मॉडेल 30 सेंटिमीटर, शाळेच्या पट्टीएवढं. दोन इंजिनं, दोन शेपट्या, हवा आत घ्यायच्या दोन बोगद्यांचे जोड, पुढचे छोटे पंख, खाली टांगायची शस्त्रं, प्रत्येक मिसाईलला चार-चार पात्या आणि त्या चारही सरळ बसायला हव्यात. मोठ्या माणसाचा पण धीर सुटतो यात. स्पिटफायरचे पंख टोकाटोकापर्यंत 11.23 मीटर, मॉडेलमध्ये साडेपंधरा सेंटिमीटर. धडाचे दोन अर्धे भाग, खालचा पंख एकसंध आणि त्यावर बसणारे वरचे दोन तुकडे. हा एकसंध खालचा पंख फार महत्त्वाचा, कारण पंखांना वरच्या बाजूला जो हलका उठाव असतो तो त्यामुळे आपोआप येतो, दोन्ही बाजू सारख्या आहेत का म्हणून मुलाला मोजत बसावं लागत नाही. चाकं मिटलेली ठेवायचा पर्याय असेल तर बिनधास्त तो घ्या, ते नाजूक पाय पहिल्याच आठवड्यात तुटतात.

म्हणजे मी स्पिटफायर सुचवते ते इंग्रजांच्या प्रेमापोटी नाही, ते एका इंजिनाचं, खाली पंख असलेलं, सुटसुटीत विमान आहे म्हणून. याच कारणासाठी त्याच काळातलं हरिकेन हे लढाऊ विमान पण चालेल. दोन मजली पंखांचं बायप्लेन नको, मधल्या काड्या उभ्या करताना वैताग येतो. हेलिकॉप्टर नको. पिवळं किंवा लाल विमान पण शक्यतो टाळा, हे रंग ब्रशने लावले की खालचं प्लास्टिक दिसत राहतं आणि मूल थरावर थर चढवत बसतं.

आणि ‘इंग्रजांचं विमान’ हे तर मला अजिबात मान्य नाही. हरिकेन आपल्या हवाई दलाने उडवलंय, 1944 मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जन सिंगांची नंबर 1 स्क्वॉड्रन हरिकेनवरच होती. 1947 मध्ये काश्मीरवर टोळीवाले आले तेव्हा श्रीनगरहून आपली स्पिटफायर लढली. दिल्लीला पालमच्या हवाई दलाच्या म्युझियममध्ये दोन्ही ठेवलेली आहेत, सुट्टीत जाणार असाल तर पोराला दाखवा, मग स्पिटफायर परकं वाटणार नाही. पण पोराला जेटच हवंय असं असेल तर हॉक हे ट्रेनर जेट घ्या. एक इंजिन, मोजके भाग, स्टार्टर सेटमध्ये मिळतं, आणि आपल्या हवाई दलाची कसरती करणारी सूर्यकिरण टीम आज हॉकच उडवते. किटमधलं ब्रिटिश हॉक आपल्याकडच्या हॉक 132 या प्रकारापेक्षा नाकाशी थोडं वेगळं आहे आणि बॉक्सवर रेड अॅरोज या ब्रिटिश कसरती टीमचं लालभडक विमान असतं, मी आत्ताच लाल नको म्हटलं ते माहितीये, पण जेटच्या हट्टापुढे तेवढं चालवून घेऊ. नॅट हे छोटं जेट पण गोंडस आहे, पण एअरफिक्सचं 1/72 नॅट दोन सीटचं ट्रेनर आहे. 1971 मध्ये श्रीनगरवर फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखोंनी उडवलं ते एका सीटचं, त्यामुळे पोरगं पुस्तकातला फोटो शेजारी ठेवून बघणारं असेल तर लगेच पकडेल.

पैशांचं म्हणाल तर मान्य, बाहेरून येणारी वस्तू, इथे येईपर्यंत किंमत चढते. पण म्हणून सेलमधलं कुठलंही स्वस्त किट उचलू नका. या धंद्यात जुने साचे नव्या बॉक्समधून पुन्हा पुन्हा विकले जातात, चित्र चकाचक आणि आत पन्नास वर्षांपूर्वीचा साचा. एअरफिक्सने पहिलं स्पिटफायर 1953 मध्ये काढलं, तेव्हा ते इंग्लंडात वूलवर्थच्या दुकानात दोन शिलिंगला मिळायचं, त्यानंतर त्यांनी त्याच विमानाचे कितीतरी साचे केलेत. नव्या साच्याचे भाग बहुतेक आपोआप जागेवर बसतात, जुन्यात फटी राहतात, मग पुट्टी आली, घासणं आलं, नऊ वर्षांच्या मुलाचं काम नाही ते. घेण्याआधी किटचं नाव नेटवर टाकून साचा कधीचा ते बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

रिमोटचं विमान उडतं हे खरंच. पण ते खरेदी असते दादा, पोर त्यात बनवत काही नाही. शिवाय उडवायला जागा लागते, आणि पुण्यात लोहगावच्या एअरफोर्स स्टेशनच्या आसपास तर रेड झोन आहे, म्हणजे परवानगीशिवाय उडवायला बंदी, डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटवरचा नकाशा बघितल्याशिवाय काही उडवू नका. उडवायचीच हौस असेल तर फोमचं किंवा बाल्साचं हाताने फेकायचं ग्लायडर आणा, ते मलाही मनापासून आवडतं. नाक वर करून मग धपकन खाली येतंय? नाकाला थोडी क्ले लावा. सरळ जमिनीतच घुसतंय? थोडी काढा. तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक तृतीयांश रुंदीवर आला की छान तरंगतं, आणि हे पोरं सांगितल्याशिवाय स्वतःच शोधून काढतात.

कपाटावर धूळ खाईल म्हणता, तर दोरा बांधून छताला टांगा की. चाकं मिटलेलीच आहेत.

शेवटी तुम्ही लिहिलंय की सुखोईचं किट घरात येऊन पडलंय, पोराने उत्साहाने फोडलं आणि दुसऱ्याच पानावर सोडून दिलं. मला वाटतं सगळा राग तिथूनच आलाय, आणि तो समजू शकते. ते विकू नका आणि त्याला टोमणेही मारू नका. ते तुम्ही स्वतः बांधायला घ्या, टेबलाच्या एका बाजूला तुम्ही सुखोईशी झगडताय आणि दुसऱ्या बाजूला तो त्याचं हॉक करतोय. त्याचं आधी संपणार हे नक्की, आणि मग मिसाईलच्या पात्या लावायला तो तुमच्याकडे येईलच. तोपर्यंत सुटे झालेले भाग एका डब्यात ठेवा, आणि डेकलची (विमानावर चिकटवायच्या चिन्हांची) शीट तेवढी आजच झिपच्या पिशवीत घालून पुस्तकात सपाट दाबून ठेवा, पावसाळी दमट हवेत ती खराब झाली तर तसलीच दुसरी मिळवताना नाकी नऊ येतात.