योनाच्या नावाने धमकी देणारा फॉरवर्ड

चर्चच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, बऱ्याच जणांना आला असेल. म्हणे बायबलमधला संदेष्टा योना भित्रा होता म्हणून देवाने सांगितलेल्या निनवे शहराला जायचं सोडून पळाला, देवाने चिडून त्याला तीन दिवस माशाच्या पोटात कोंडलं, मग गडी सुतासारखा सरळ झाला. तेव्हा तुमच्या घरात आजारपण असेल, नोकरी गेली असेल तर समजा तुम्हीही देवापासून पळताय. खाली हात जोडलेले आणि 'दहा जणांना पाठवा'. बायबलमधलं योनाचं अख्खं पुस्तक चार अध्याय, ४८ वचनं, पण उघडून बघायचं कोणी!

भित्रा म्हणे. जो माणूस भर वादळात खलाशांना सांगतो की मला उचला आणि समुद्रात फेका, तो भित्रा कसला? पळण्याचं कारण त्याने स्वतःच ४:२ मध्ये (अध्याय ४, वचन २) देवाला तोंडावर सांगितलंय, मला माहीत होतं तू दयाळू आहेस, तू यांना सोडून देणार, म्हणून तर मी उलट दिशेच्या तार्शीशला निघालो होतो. निनवे म्हणजे अश्शूरचं शहर, आजच्या मोसुलजवळ, आणि याच अश्शूरने पुढे इ.स.पू. ७२२ च्या सुमारास इस्राएलचं राज्य संपवलं. असल्या लोकांना माफी मिळावी हेच त्याला नको होतं.

आता मासा. वादळ देवानेच पाठवलं असं सरळ लिहिलंय, ती शिस्तच होती, त्याबद्दल वाद नाही. पण मासा आला तेव्हा योना बुडत होता, डोक्याला शेवाळ गुंडाळलेलं, आणि आतून त्याने केलेली प्रार्थना वाचा, 'मला बाहेर काढ' असं एकदाही नाही, तू मला वाचवलंस म्हणून आभार आहेत. मासा आला नसता तर दुसरा अध्यायच नसता.

आणि सरळ कुठे झाला? शेवटी निनवेला जाऊन त्याने नाशाचा इशारा दिला, तर लोकांनी पश्चात्तापाने उपास धरला, राजा राखेत बसला, गुराढोरांनासुद्धा तरट नेसवलं, देवाने नाश टाळला आणि आपले योना महाराज भडकले! शहराबाहेर छप्पर घालून बघत बसले. देवाने सावलीला वेल उगवला, दुसऱ्या दिवशी किड्याकडून मारला, वर झळा सोडल्या, तेव्हा म्हणतो मेलेलं बरं. देव म्हणतो, रातोरात आलेल्या वेलाची तुला कीव येते, मग ज्यांना उजवं-डावं कळत नाही अशी १,२०,००० हून जास्त माणसं आणि एवढी गुरं, त्यांची कीव मी करू नको? इथे पुस्तक संपतं. योनाचं उत्तर नाही.

राहिलं आजारपण. त्या वादळात खलाशीही सापडलेच की, त्यांनी काय केलं होतं? माल समुद्रात टाकावा लागला, आणि एवढं होऊनही योनाला फेकायच्या आधी बिचाऱ्यांनी वल्ही मारून किनारा गाठायचा प्रयत्न केला. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं का आईबापाचं, तर येशू म्हणाला कोणाचंच नाही, योहानाच्या शुभवर्तमानात, ९व्या अध्यायात आहे. आमच्याकडे किमो चालू असलेल्या एका मावशींना हा मेसेज कुणीतरी पर्सनली पाठवला, वर 'पश्चात्ताप करा' लिहून. पेशंटला योना पाठवायचाच असेल तर चौथा अध्याय पाठवा, ११ वचनं आहेत फक्त, आणि आधी स्वतः वाचा.