साडेबाराची मॅच आणि केळीचं पाणी

रावेर तालुक्यात राहून फुटबॉलचं वेड बाळगणं म्हणजे एकादशीला वांग्याचं भरीत मागणं. लोक रागवत नाहीत, नुसते बघत राहतात.

केबलवाल्या भाऊंकडे मी पहिल्यांदा ती वाहिनी मागितली, तेव्हा त्यांनी आधी दुकानाचं दार लोटून घेतलं.

"रात्री दीडला काय दाखवता त्याच्यात?"

"फुटबॉल."

"बरं बरं. घरी फुटबॉलच सांगा."

२०१९च्या फेब्रुवारीत नवा नियम आला. शंभर वाहिन्यांचे १३० रुपये, वर कर, आणि पैशाच्या वाहिन्या ज्याच्या त्याने निवडायच्या. मी दोन दिवस यादीवर खुणा करत बसलो. भाऊंनी कागद न उघडता खिशात घातला. "तुम्ही कशाला डोकं लावता भो? अख्ख्या गल्लीचं मी निवडून ठेवलंय." त्या निवडीत तीन भक्तीच्या, दोन भोजपुरी आणि एक तेलुगू बातम्यांची वाहिनी होती. माझी वाहिनी मिळाली ती केळीचा एक घड दुकानावर पोचता केल्यावर.

पण वाहिनी असून काय? युरोपातल्या चॅम्पियन्स लीगची मॅच आपल्याकडे रात्री साडेबाराला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर मागे जातात, की तीच मॅच दीडला. आणि शेतीची थ्री फेज लाईटही बरेचदा रात्रीच यायची. आप्पा मोटर टाकायला उठायचे, ओसरीवरून टीव्हीचा उजेड बघायचे आणि म्हणायचे, "जागाच आहेस तर जाऊन ये." कितीतरी गोल मी स्टार्टरच्या पेटीसमोर, कानटोपी घालून, चुकवले आहेत.

म्हणून १८ डिसेंबर २०२२ची वर्ल्ड कप फायनल मला देवानेच लावून दिल्यासारखी वाटली. रविवार, रात्री साडेआठ, त्या आठवड्यात लाईट दिवसाची, आणि आप्पा दुपारपासून मळ्यात माल कापायला गेलेले. अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे. दहा वाजून गेले, शेवटची दहा-बारा मिनिटं उरली आणि पडद्यावर 'नो सिग्नल' आलं. भाऊंचा फोन बंद. मी म्हटलं, आता काय होणार आहे! शेजारच्या पोरांना जिंकल्याचे पेढेही वाटून टाकले.

इकडे पेढे तोंडात, तिकडे फ्रान्सच्या एम्बाप्पेने दोन मिनिटांच्या आत दोन गोल मारले. हे मला पुण्याच्या भाच्याने फोनवर सांगितलं. पुढचं सगळं त्याच्या ओरडण्यातूनच ऐकलं: तीन-तीन, मग पेनल्टीवर चार-दोन. पेढे वाया गेले नाहीत, एवढंच.

साडेअकराला आप्पा आले. खुशीत होते. पाय धुता धुता म्हणाले, "गाडी रवाना झाली बरं का दिल्लीला. भाव बरा लागला. फक्त आपल्या गल्लीच्या तोंडाशी एक वायर आडवी येत होती मालाला. ड्रायव्हरने बांबूने वर केली, तर तुटलीच."