आधी चढायचं कुठून ते विचारा

मुलांसोबत खेळशिल्प, म्हणजे चढाय-घसरायचं मोठं शिल्प, कसं करावं यावरचा लेख वाचला. त्यात लिहिलंय की शाळेतल्या मुलांनी मातीचे नमुने केले आणि त्यातला एक निवडून तसं खेळशिल्प उभारलं. छान! पण निवडला कोणी, मोठ्यांनीच ना?

आम्ही असा उपक्रम केला तेव्हा 'काय बनवू या?' विचारल्यावर सगळे हत्ती नाहीतर डायनासोर. 'चढायचं कुठून, लपायचं कुठे?' विचारलं, तर एकीने मातीच्या गोळ्यात अंगठा खुपसून आरपार भोक पाडलं. म्हणे, "इथे मी बसणार, कोणाला दिसणार नाही." त्याचाच पुढे बोगदा झाला.

सळ्यांचा सांगाडा, चिकनमेश (तारेची बारीक जाळी) आणि सिमेंटचा गिलावा ही मोठ्यांची कामं. ओल्या सिमेंटने कातडी भाजते. मुलांना टाइल्सचे तुकडे चिकटवायला द्या, कडा घासून. आणि ९ ते २३ सेंटिमीटरची फट कुठेही नको. अंग जातं, डोकं अडकतं.

'भीतीदायक आकार टाळा' हा लेखातला सल्ला मात्र पटला नाही. शिल्पकार निकी द सँ फाल यांचा जेरुसलेममधला १९७२ चा राक्षस बघा, तीन लाल जिभा म्हणजे तीन घसरगुंड्या. तेव्हा मोठ्यांनीच नाकं मुरडली होती, मुलं मजेत जिभेवरून घसरतात.