ॲपच्या पोटात ब्राउझर भरू नका

परवा धुळ्याच्या मित्राने एक ॲप दुरुस्तीला पाठवलं. उघडून पाहिलं तर आत क्रॉसवॉक, म्हणजे ॲपसोबतच बांधून दिलेलं ब्राउझरचं इंजिन. अजूनही! यावर मनापासून लिहावंसं वाटतंय, कारण हे मी स्वतः केलेलं आहे.

२०१५ साली धरणगावच्या एका जिनिंगसाठी मी कॉर्डोव्हात, म्हणजे वेबपानांचं ॲप करणाऱ्या साधनात, ॲप बनवलं. कापसाचा आजचा भाव, काट्याची पावती, पैसे कधी मिळणार, एवढंच. माझ्या फोनवर छान चालायचं. शेतकऱ्यांच्या हातात मात्र अँड्रॉइड ४.१, ४.२ चे फोन. त्यांतला वेबव्ह्यू, म्हणजे ॲपच्या आत वेबपान दाखवणारा अँड्रॉइडचा भाग, जुन्या वेबकिट इंजिनचा आणि सिस्टिमलाच जखडलेला. फोनचं अपडेट आलं तरच तो बदलणार, आणि त्या स्वस्त फोनना अपडेट येतंय कुठून! पावतीचे रकाने एकमेकांवर चढायचे, वजनाच्या आकड्यावर भावाचा आकडा. ज्याचं वर्षभराचं राबणं त्या आकड्यात आहे, त्याला हे दाखवणं मला सहन होईना.

मग इंटेलचं क्रॉसवॉक टाकलं. क्रोमियमचं, म्हणजे क्रोम ब्राउझर ज्यावर उभा आहे त्याचं, अख्खं इंजिन ॲपसोबत जायचं, त्यामुळे सगळ्या फोनवर पावती सारखीच दिसायची. तेव्हाचा तो निर्णय बरोबरच होता. पण ॲप वीसेक एमबीने फुगलं. पारोळ्याकडच्या एका आजोबांनी फोन माझ्यापुढे धरला: "भाऊ, तुनं ॲप ठेवू का नातूना फोटू ठेवू?" मी त्यांना पावती एसएमएसने पाठवायची सोय करून दिली.

नंतर गरजच संपली. अँड्रॉइड ४.४ मध्ये वेबव्ह्यू क्रोमियमवर आला, ५.० पासून तो प्ले स्टोअरमधून अपडेट होऊ लागला. क्रॉसवॉकची २३ वी आवृत्ती शेवटची ठरली, २०१७ मध्ये प्रकल्प थांबला.

काही जण म्हणतात, सिस्टिमचा वेबव्ह्यू आपल्या हातात नसतो. खरं आहे. मार्च २०२१ मध्ये त्याचं एक अपडेट बिघडलं आणि जगभर ॲप्स उघडताच बंद पडू लागली, जीमेलसुद्धा. पण दुरुस्त अपडेट आलं तसं सगळं पुन्हा सुरू झालं, डेव्हलपरला काही करावं लागलं नाही. आता उलटं बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रकारची चित्रं उघडणाऱ्या लायब्ररीत, म्हणजे ब्राउझरच्या इंजिनातल्या तयार कोडमध्ये, गंभीर भोक सापडलं. नुसत्या एका चित्रातून हल्ला शक्य होता, आणि तो होतही होता. क्रोम लगेच दुरुस्त झाला. ज्यांनी इंजिन सोबत बांधलं होतं, त्या प्रत्येकाला स्वतःची नवी आवृत्ती काढावी लागली. क्रॉसवॉकवाल्यांसाठी ती कोण काढणार? शेतकऱ्याचा बँक खाते क्रमांक त्याच ॲपमध्ये आहे हो!

ज्यांचा धंदाच ब्राउझर बनवायचा आहे, त्यांनी गेकोव्ह्यू (ॲपमध्ये बांधायचं फायरफॉक्सचं इंजिन) वगैरे जरूर वापरावं, दुरुस्त्या सांभाळायला त्यांच्याकडे माणसं असतात. जळगावात दोन टेबलांवर चालणाऱ्या आपल्या ऑफिसांनी ते ओझं घेऊ नये.

काढताना एक मात्र सांभाळा. क्रॉसवॉक आपला लोकल स्टोरेज, म्हणजे फोनवरच जतन केलेला डेटा, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं. प्लगइन नुसतं उडवलं तर नवीन ॲपला जुनं काहीच दिसत नाही आणि जतन केलेल्या पावत्या गेल्यासारख्या वाटतात. आधी सगळा डेटा सर्व्हरवर चढवणारी एक आवृत्ती द्या, ती लोकांपर्यंत पोचू द्या, मगच इंजिन काढा. मित्राच्या ॲपचं सध्या हेच चालू आहे.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कुणाकडे असं जुनं ॲप असेल तर मेसेज करा. रविवारी मी मोकळा असतो, सोबत बसून काढू.