वीर रडत नसत, हे कुणी सांगितलं?

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला चार ग्रुपवर आला. गावच्या ग्रुपवर, शिक्षकांच्या, सोयऱ्याधायऱ्यांच्या आणि सोयाबीनच्या भावासाठी काढलेल्या ग्रुपवरही. वर धनुष्य ताणलेला अर्जुन आणि खाली मजकूर. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: रामायण-महाभारतातले वीर कधी रडले नाहीत की डगमगले नाहीत. रणातून त्यांनी पाय मागं घेतला नाही. लढले ते नियमानं. हरण्यापेक्षा त्यांनी मरण पत्करलं. आणि आजचा माणूस? एक हंगाम गेला, डोक्यावर कर्ज झालं की जीव देतो. वीरांची जात संपली, आता उरलेत ते रडे. शेवटी नेहमीची ओळ: अंगात मर्दाचं रक्त असेल तर पुढे पाठवा.

गावच्या ग्रुपवर तो टाकला माझ्याच पुतण्यानं. पोरगा मनानं चांगला आहे, न वाचता पुढं ढकललं असणार. पण त्याच ग्रुपवर आमच्या आळीतली एक बाई आहे. तिच्या नवऱ्यानं दोन वर्षांमागं जीव दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी हापशावर ती मला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही शाळेत शिकवता. पुराणात खरंच कुणी खचलं नव्हतं का?" तिची घागर भरत आली होती, मागं बाया उभ्या होत्या. मी हो-नाही काहीतरी बोललो आणि निघालो. नीट उत्तर द्यायचं राहिलं, ते इथं देतोय.

"ते कधी रडले नाहीत, डगमगले नाहीत." ज्याचं चित्र वर लावलंय त्याच्यापासूनच सुरुवात करू. गीतेच्या पहिल्या अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग आहे. 'सीदन्ति मम गात्राणि मुखं च परिशुष्यति' असं अर्जुन स्वतःच्या तोंडानं सांगतो. हातपाय गळालेत, तोंडाला कोरड पडलीय, अंगाला कापरं भरलंय, गांडीव हातातून निसटतंय. तो धनुष्यबाण टाकून रथात बसून राहतो, डोळे पाण्यानं भरलेले. दोन्ही सैन्यं बघत असताना. तो डगमगला नसता तर पुढचे सतरा अध्याय घडलेच नसते. कृष्ण त्याला रागावतो हे खरं, पण रागावून थांबत नाही. त्याचं सगळं ऐकून घेतो, एकेका शंकेला उत्तर देतो, आणि अगदी शेवटी म्हणतो की पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर.

रामाचं तर विचारूच नका. सीता दिसेनाशी झाल्यावर अरण्यकांडात तो झाडाझाडाला विचारत फिरतो, रडतो, चिडून सगळं जग जाळायची भाषा करतो, आणि धाकटा भाऊ त्याला सावरतो. युद्धकांडात तोच भाऊ शक्ती लागून पडतो तेव्हा राम म्हणतो, बायका देशोदेशी मिळतील, सोयरे मिळतील, पण पाठचा भाऊ जिथं मिळेल असा देश मला दिसत नाही. (बायकांबद्दलचं ते वाक्य मला आजही टोचतं. पण दुःखात माणूस तोलून बोलत नाही, हे वाल्मीकींनी झाकून ठेवलेलं नाही.) आता आपल्याला राज्य नको, जगणंही नको, असं राम त्या वेळी म्हणतो.

ही काव्यं आपल्या मराठवाड्याला परकी नाहीत. नाथांनी भावार्थ रामायण पैठणला गोदाकाठी मराठीत आणलं. युद्धकांड अर्ध्यावर असताना ते गेले आणि पुढचा भाग त्यांच्या शिष्यानं, गावबानं, पुरा केला. वेरूळला कैलास लेण्याच्या एका अंगाला रामायण आणि दुसऱ्या अंगाला महाभारत कोरलेलं आहे. आमच्या गावात श्रावणात मारुतीच्या पारावर पोथी लागते. लक्ष्मणाला शक्ती लागते तो प्रसंग आला की वाचणारे बापू दर वर्षी थांबतात, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसतात आणि मग पुढची ओवी घेतात. मागं एकदा कुणीतरी पोरगं हसलं. बापू म्हणाले, "रामराया रडला तर लहान झाला का गा? आपुन कोन लागून गेलाव?" पुतण्या त्या वेळी माझ्या शेजारीच बसला होता.

"रणातून कुणी पाय मागं घेतला नाही." विराटपर्वातला राजपुत्र उत्तर घ्या. राजवाड्यात बायकांपुढं बढाया मारून निघाला आणि कौरवांचं सैन्य बघताच रथातून उडी टाकून पळत सुटला. बृहन्नडेच्या वेषातल्या अर्जुनानं मागं धावून त्याला केसाला धरून आणला. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि वर्गात पोरं इथं हसतात. पुढचं फार थोड्यांना माहीत असतं. त्याच दिवशी त्याच उत्तरानं अर्जुनाचा रथ हाकला, समोर भीष्म-द्रोण-कर्ण असताना. आणि कुरुक्षेत्रावर पहिल्याच दिवशी शल्याशी लढताना तो पडला. व्यासांनी त्याला पळपुटा म्हणून निकालात काढलं नाही, परतायला जागा ठेवली.

आणि कृष्ण? सभापर्वात तो धर्मराजाला आपणहून सांगतो की जरासंधाच्या भीतीनं आम्ही मथुरा सोडून द्वारकेला गेलो. यात त्याला लाज वाटत नाही, कारण त्याला आपल्या माणसांचे जीव वाचवायचे होते. रणछोड हे नाव देवळात पुजलं जातं, शिवी म्हणून कुणी घेत नाही.

"युद्ध नियमानं लढले." हा दावा सगळ्यात कच्चा आहे. भीष्मपर्वाच्या सुरुवातीला नियम ठरले खरे: रथीनं रथीशी लढायचं, शस्त्र टाकलेल्याला, पाठमोऱ्याला मारायचं नाही. पुढं काय झालं? भीष्म पडले ते शिखंडीला पुढं घालून. द्रोण पडले ते अश्वत्थामा मेल्याच्या अर्ध्या खोट्यानं. अभिमन्यूला सहा महारथ्यांनी घेरलं. कर्ण रथाचं चाक उपसत होता, दुर्योधनाच्या मांडीवर गदा बसली आणि शेवटी अश्वत्थाम्यानं झोपलेल्या माणसांना कापलं. यातलं काहीही व्यासांनी लपवलेलं नाही. उलट त्यानंतर एक अख्खं स्त्रीपर्व लिहिलंय. त्यात गांधारी आणि सुना रणभूमीवर आपापल्या माणसांचे देह शोधत फिरतात. जिंकलेला युधिष्ठिर तर शांतिपर्वाच्या आरंभी राज्य सोडून रानात जायचं म्हणतो. नियमानं लढलेल्या विजयाची ही गोष्ट नव्हे.

"हरण्यापेक्षा मरण." इथं मात्र मजकूर लिहिणाऱ्याच्या पदरात थोडं सत्य टाकायलाच हवं. रणात मेलेल्याला स्वर्ग, मागं कीर्ती, ही कल्पना जुन्या काळात होतीच. आमच्या मारुतीच्या देवळाला टेकून एक वीरगळ उभी आहे, कमरेएवढी. तिला तीन कप्पे आहेत. खालच्यात गाईंची रांग आणि आडवा पडलेला माणूस, मधल्यात अप्सरा त्याला वर नेतायत, वरच्यात तो शिवलिंगापुढं बसलाय, आणि टोकाला चंद्र-सूर्य. गावची गुरं वळवून नेणाऱ्यांशी लढताना कुणीतरी मेला, त्याचा हा दगड. नाव कुणालाच माहीत नाही. बाया शनिवारी मारुतीला तेल घालतात आणि उरलेलं दोन थेंब त्याच्यावर. मी त्याला हात जोडतो. पण त्याच्याच शेजारी एक सतीशिळाही आहे, कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात. त्या मरणाची किंमत आणखी कुणी मोजली ते त्या हातावरून कळतं. जुन्या वीरत्वाचा गौरव करताना ही दुसरी शिळा झाकून ठेवायची नसते.

आणि हरलेल्यालाही महाकाव्यात मान आहे. म्हातारा जटायू रावणापुढं टिकणार नव्हता, टिकला नाहीच. सीतेला तो वाचवू शकला नाही. तरी रामानं त्याचं बापासारखं दहन केलं आणि गोदावरीवर जाऊन त्याला पाणी दिलं, आपल्याच गोदावरीवर. तिकडं ग्रीकांच्या काव्यात तर याहून पुढची गोष्ट आहे. अकिलीस हा त्यांचा सगळ्यात मोठा योद्धा. कीर्तीसाठी त्यानं लहान आयुष्य निवडलं. मेल्यावर पाताळात भेटतो तेव्हा म्हणतो, इथल्या मेलेल्यांवर राज्य करण्यापेक्षा वर एखाद्या भूमिहीन गरिबाकडं सालगडी म्हणून राबणं मला परवडेल. होमरनं त्याच्या तोंडी घातलेल्या बोलाला आपल्याकडं सालगडी याहून नेमका शब्द नाही.

"वीरांची जात संपली." जात हा शब्द वापरलाच आहे तर ऐका. जुन्या काळात वीर कुणाला म्हणायचं हे जन्मावर ठरत होतं. रंगमंडपात कर्ण उतरला तर कृपाचार्यांनी आधी त्याचं कुळ विचारलं. एकलव्याचा अंगठा गेला. तेव्हाच्या आणि आजच्या वीरत्वात खरा फरक इथं आहे, आणि तो आजच्या बाजूनं आहे. दुसरा फरक शस्त्राचा. द्यूतसभेत भीष्म, द्रोण, कृप सगळे शस्त्रधारी बसले होते आणि कुणाची मान वर होत नव्हती. द्रौपदीनं एकच प्रश्न विचारला: स्वतःला हरून बसलेल्याला मला पणाला लावायचा अधिकार होता का? भीष्म म्हणाले धर्म सूक्ष्म आहे. कौरवांपैकी एकटा विकर्ण तिच्या बाजूनं बोलला. त्या दिवशी धैर्य तिच्याजवळ आणि त्याच्याजवळ होतं, आणि दोघांनीही शस्त्र उचललं नाही.

हे धैर्य संपलेलं नाही. निजामाच्या राज्यात रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा आमच्या लातुरात वकिली करणारा. त्याच्या धाकानं भले भले गप्प होते तेव्हा हैदराबादेत शोएबुल्ला खान नावाचा तरुण संपादक आपल्या 'इमरोज' या उर्दू दैनिकात लिहीत होता की संस्थानानं भारतात सामील व्हावं. त्याला धमक्या आल्या तरी तो लिहीत राहिला. ऑगस्ट १९४८ मध्ये त्याला रस्त्यात गाठून मारलं, हात तोडले. महिना उलटायच्या आत, १७ सप्टेंबरला, निजामाची राजवट संपली. आपण दर वर्षी मुक्तिसंग्राम दिनाला झेंडा लावतो. त्या दिवशी हे नाव वर्गात घ्यायला काय हरकत आहे?

आणि ३० सप्टेंबर १९९३. मी बारावीत होतो. आमचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून लांब नाही. आदल्या रात्री गणपती बोळवले होते. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली आणि दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवद, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. लष्कर आलं, संस्था आल्या, पण पहिले काही तास हाताशी होत्या त्या पहारी, टोपली आणि नखं. आमच्या गावचे लोक ट्रॅक्टरमधून गेले, मीही गेलो. एक माणूस मला आजही दिसतो. तो हातानं दगड उचलत होता आणि मोठ्यानं रडत होता. थांबून रडत नव्हता. रडत होता आणि उकरत होता. त्याच्या घरातलं कुणी वाचलं नाही. दुपारी तो शेजारच्या घराच्या ढिगाऱ्यावर चढला, तसाच रडत. मजकूर लिहिणाऱ्याच्या मोजमापानं तो 'रडा' ठरतो.

आता शेवटचा दावा, कर्जाचा. हा वाचून मला राग आला, तो लपवत नाही. आमच्याकडं शेती पावसावर, पीक बहुतेक एकच, बाजारात भाव दुसऱ्याच्या हातात आणि बँकेचं दार बंद झालं की सावकाराचं उघडं. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. वीरश्री कमी पडली म्हणून विहीर आटत नाही.

खचलेल्याला टोचून उठवायचंच असेल तर तेही कसं करायचं हे महाभारतात आहे. उद्योगपर्वात कुंती विदुलेची गोष्ट सांगते. विदुलेचा मुलगा हरून घरी येऊन पडलाय. ती त्याला फार कडक बोलते: धुमसत राहण्यापेक्षा क्षणभर पेटून उठ. आमचे भाषणबाज तेवढंच उचलतात. पण मुलगा उलट विचारतो, माझ्याजवळ खजिना नाही, साथीदार नाहीत, मी जिंकू कशाच्या जोरावर? त्यावर ती आई त्याला सांगते की तुला माहीत नसलेला मोठा खजिना आपल्याकडं आहे, तो मी तुला देते, आणि साथीदारही आहेत. बोलली तितकं दिलंही. पुढं पाठवणाऱ्यांनी आमच्या आळीतल्या त्या बाईच्या नवऱ्याला काय दिलं होतं?

आणि वहिनी, हापशावर राहिलेलं तुमचं उत्तर. खचला होता. ज्याच्या पाराला आपण सगळे हात जोडतो तोच खचला होता. सुंदरकांडात मारुती अख्खी लंका धुंडाळतो, सीता सापडत नाही. तो एके ठिकाणी थांबतो आणि मनाशी म्हणतो, रिकाम्या हातानं परत जाऊन सांगू काय? माझ्या एका निरोपानं तिकडं सगळे प्राण सोडतील. त्यापेक्षा मीच जीव देतो. वाल्मीकींनी त्याचे हे विचार आडपडदा न ठेवता पुढं मांडलेत. मग तोच म्हणतो, मरण्यात तोटे फार आहेत, जगला तर माणसाला काही बरं बघायला मिळतं, मी जीव धरून राहतो. आणि मान वर करतो तेव्हा त्याला दिसतं की अशोकाच्या झाडांची एक बाग बघायची राहिलीय.

तिथं सीता होती. तीही त्या वेळी जीव द्यायच्या काठावर आली होती. मारुतीनं तेव्हा गदा फिरवली नाही की तिला धीर धर म्हणून दटावलं नाही. झाडाच्या फांदीवर बसून, ती घाबरू नये म्हणून हळू आवाजात, त्यानं तिला तिच्या माणसाची गोष्ट सांगायला सुरुवात केली.