'मनपाच्या शाळा बंद करा, पैसे पालकांना द्या': हा हिशेब कुठे चुकतो

शाळा सुरू व्हायच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज हमखास फिरतो. शहराचं नाव तेवढं बदलतं. मजकूर साधारण असा: मनपाच्या शाळांचा पट खोटा, मास्तरांना लाखभर पगार, एका मुलामागे वर्षाला लाख रुपये जातात, मुलं येतात ती खिचडीपुरती, नगरसेवक आणि युनियन मिळून हे दुकान चालवतात, तेव्हा शाळांना कुलूप लावा आणि तेच पैसे पालकांच्या खात्यात टाका.

यातलं थोडं खरं आहे, बरंच अर्धवट आहे. आपण कोल्हापूर घेऊ. २०११च्या जनगणनेत साडेपाच लाख वस्तीचं शहर, आणि शाळा चालवते ती महापालिकेची प्राथमिक शिक्षण समिती. समितीचा कारभार प्रशासनाधिकाऱ्याकडे.

'पट खोटा'

एके काळी होता, हे आधीच मान्य करून टाकू. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ला राज्यभर एकदम पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत उभं राहू नये म्हणून बोटाला शाई लावली, आणि कागदावरची लाखो मुलं वर्गात सापडलीच नाहीत. (त्यात खासगी अनुदानित शाळाही होत्या. मेसेज लिहिणाऱ्याला ते आठवत नाही.)

आता गाडी उलट्या बाजूला घसरते. ३० सप्टेंबरची पटसंख्या हा संचमान्यतेचा, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक मंजूर याचा, पाया. त्याआधी मुख्याध्यापकाने प्रत्येक मूल सरकारी पोर्टलवर भरायचं आणि नाव, जन्मतारीख, लिंग आधारशी जुळवायचं. यातलं एक जरी अक्षर हुकलं तरी मूल 'इनव्हॅलिड'. दाखल्यात वडिलांचं नाव मधे, आधारवर आडनाव आधी; आधारवर जन्मतारीख सरसकट १ जानेवारी; पाचव्या वर्षी करायचं बोटांच्या ठशांचं अपडेट राहून गेलेलं. बांधकामावर आलेल्या कुटुंबांची मुलं यात सर्वांत जास्त अडकतात. दुरुस्ती शाळेत होत नाही, आधार केंद्रावर होते, आणि त्यासाठी आईबापाचा एक दिवसाचा रोज बुडतो.

याची किंमत बघा. शिक्षण हक्क कायदा, २००९च्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत ३. म्हणजे वर्गात ६१ मुलं बसलेली, एकाचं आधार जुळलं नाही, की तिसऱ्या शिक्षकाचं पद हातचं गेलं. राज्याने मार्च २०२४मध्ये निकष आणखी आवळले, ते वेगळंच. शिवाय मान्यता हातात पडेपर्यंत पुष्कळदा वर्ष सरत आलेलं असतं. त्यामुळे यंदाची मुलं गेल्या पटाच्या शिक्षकांवर भागवतात.

'मुलंच नाहीत' म्हणणाऱ्यांनी गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री जरगनगरच्या जरग विद्यामंदिराकडे एक चक्कर मारावी. पहिलीच्या प्रवेशासाठी पालक रात्रीपासून रांगेत असतात. शाळा मनपाचीच. त्याच शहरात पट घसरत चाललेल्या शाळाही आहेत, हेही खरं. या दोन टोकांची सरासरी काढून काहीच कळत नाही.

'लाखभर पगार'

पंचवीसेक वर्षं सेवा झालेल्या शिक्षकाची ठोक रक्कम लाखाच्या घरात जाते, नाही असं नाही. पण आज भरती होणारा शिक्षक आधी तीन वर्षं शिक्षण सेवक असतो आणि त्याचं मानधन महिना १६,००० रुपये. २०२३पर्यंत ते ६,००० होतं! तीन वर्षांनी २९,२०० मूळ वेतनाची श्रेणी सुरू होते. आणि १ नोव्हेंबर २००५नंतर नेमणूक झालेल्यांना सरसकट जुनी पेन्शनही नाही.

'एका मुलामागे लाख रुपये'

हा आकडा कुठून येतो ते मांडून बघू. नमुन्यादाखल दोन जुने शिक्षक धरा, प्रत्येकी महिना ९०,००० रुपये. वर्षाचे २१,६०,०००. शाळेत २० मुलं असतील तर मुलामागे १,०८,०००. तेच दोन शिक्षक, तीच इमारत, मुलं ६०: मुलामागे ३६,०००. तिथे दोन शिक्षण सेवक असले तर ६,४००. पहिल्या दोन हिशेबांत शिकवण्याचा खर्च बदललाच नाही, बदलला तो भागाकार. मेसेजवाल्याने सर्वांत लहान शाळेचा भागाकार उचलून सगळ्या शहराला चिकटवला.

दुसरी गफलत म्हणजे हा पैसा एका खिशातला नाही. मनपा शिक्षकांच्या पगाराचा साधारण निम्मा भार राज्य उचलतं, निम्मा महापालिका. पाठ्यपुस्तकं बालभारतीची, गणवेशाला दोन जोडांचे ६०० रुपये समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून. शाळेला हातात मिळतं ते संयुक्त अनुदान: ३१ ते १०० पटाला वर्षाला २५,०००, १०१ ते २५० पटाला ५०,०००. त्यात खडू, झाडू, फिनेल, किरकोळ दुरुस्ती. गळकं छप्पर त्यात बसत नाही. त्यासाठी अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, निविदा, कार्यादेश अशी रांग असते, आणि ती शिक्षण समितीच्या नाही, शहर अभियंत्याच्या दारात लागते. बजेट मार्चमध्ये, मधे आचारसंहिता आली तर थांबा, जूनमध्ये पाऊस. छप्पर पुढच्या वर्षावर. मेसेजमध्ये खरं तर हे असायला हवं होतं.

'बंद करा, पैसे पालकांना द्या'

शाळा बंद केल्याने शिक्षकाचा पगार बंद होत नाही. तो अतिरिक्त ठरतो, त्याचं समायोजन होतं आणि तोच पगार दुसऱ्या शाळेत चालू राहतो. वाचतं ते वीजबिल, पाणीपट्टी आणि शिपायाची धावपळ. वर मूल एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा असण्याच्या हक्काला मुकतं.

आणि पैसे मुलाबरोबर खासगी शाळेत जाण्याची सोय आहेच की! शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत गरीब-वंचित मुलांसाठी २५ टक्के राखीव जागा. शाळेची प्रत्यक्ष फी किंवा सरकारचा दर, यातली कमी असेल ती रक्कम शाळेला मिळते. महाराष्ट्राचा दर १७,६७० रुपये राहिला, २०२०-२१ला तो ८,०००वर आणला होता. लाख कुठे आणि सतरा हजार कुठे? तेही वेळेवर मिळत नाहीत ही खासगी संस्थाचालकांची जुनीच ओरड. फेब्रुवारी २०२४मध्ये तर राज्याने सरकारी शाळा जवळ असेल तिथे खासगी शाळांना यातून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. एवढाही पैसा सरकारला जड होतो, तर लाखाची वाट बघत बसू नका.

'नगरसेवक आणि युनियन'

भरती राज्याच्या पवित्र पोर्टलवरून होते: अभियोग्यता चाचणीचे गुण, तपासलेली बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या आरक्षणाचं याची यादी), उमेदवाराचे पसंतीक्रम. नगरसेवकाच्या चिठ्ठीला त्यात जागा नाही. कोल्हापुरात तर नोव्हेंबर २०२०ला सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं महापालिकेचा कारभार नगरसेवकांऐवजी प्रशासकाकडे होता. त्या काळात सगळं सुधारलं असतं, तर हा मेसेज तेव्हाच बंद पडायला हवा होता.

'खिचडीपुरती येतात'

येत असतील तर येऊ देत. योजनेचा एक हेतू तोच आहे. पण 'चंगळ' कुठली? पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. तांदूळ सोडून बाकी सगळ्याला आणि इंधनाला मे २०२५पासून ताटामागे ६ रुपये ७८ पैसे. अंड्याचा निधी राज्याने जानेवारी २०२५मध्ये थांबवला.

घोळ होतो तो दुसरीकडे. शहरात बहुतेक ठिकाणी शाळेत चूल नसते. केंद्रीय स्वयंपाकगृहातून डबे येतात आणि बिल निघतं ताटांच्या आकड्यावर. पहाटे शिजलेला भात दुपारच्या सत्राला पोचेपर्यंत गोळा होतो, मुलं टाकतात, आकडा मात्र पूर्ण लागतो. ज्याला खरोखर शंका आहे त्याने शाळा व्यवस्थापन समितीत जावं. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात. कोणत्याही एका शनिवारची तीन पानं शेजारी ठेवून मागावीत: वर्गाची हजेरी, आहाराची ताटसंख्या, आणि चव नोंदवही (अन्न कुणी चाखलं त्याची नोंद). हजेरी ४१ आणि ताटं ५८ असतील तर प्रश्न तिथे विचारायचा, आणि चव नोंदवहीत त्या दिवशी कुणाची सही आहे तेही बघायचं.