मासळीला लागणारा वास

मासे विकणाऱ्या बाईंनी भर गाडीत "तुझी बादली लांब ठेव, माझ्या मासळीला वास लागंल" असे सुनावले, तर माणसाने तोंड कोठे लपवावे, याविषयी उन्हाळी इंटर्नशिपच्या माहितीपत्रकात एक ओळही नव्हती.

माहितीपत्रकात निळाशार समुद्र होता. माझ्या वाट्याला ठाण्याची खाडी आली. "नात समुद्रावर संशोधन करते" असे आजी सोसायटीभर सांगत असते. प्रत्यक्षात नात ओहोटीच्या वेळी वाशीजवळ तिवरांच्या कडेला गुडघाभर गाळात उतरते, तो गाळ पिशव्यांत भरून ठाण्याच्या प्रयोगशाळेत नेते आणि अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर धुऊन उरलेले कृमी चिमट्याने वेचून मोजते.

मंगळवारी डिस्टेंपरच्या रिकाम्या बादलीत अशा सहा पिशव्या घेऊन मी महिलांच्या डब्यात चढले आणि सानपाड्यालाच उतरवली गेले. लगेजच्या डब्यात शिरले, तर समोर पाटी घेतलेल्या या मावशी. तुर्भे येईपर्यंत त्यांनी नाक उडवले, कोपरखैरण्याला पदर लावला आणि मग वरील वाक्य उच्चारले. माझ्यातला संशोधक दुखावला गेला. गाळात खोलवर प्राणवायू पोहोचत नाही, म्हणून तेथील जीवाणू समुद्राच्या पाण्यातील सल्फेटवर गुजराण करतात आणि त्यातून सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, हे मी त्यांना घणसोलीपर्यंत समजावले.

"म्हंजे वास येतो, ह्ये तुला ठाव हाय," मावशी म्हणाल्या.

एवढे बोलून त्यांनी झाकण उघडले. पलीकडचा भाजीवाला मेथीच्या जुड्यांसह सरकला. मावशींनी ओल्या हाताने एकेक पिशवी काढून दाबून पाहिली.

"निवट्या हायत?"

"नाही, कृमी आहेत."

"खातात?"

"मोजतात."

"मोजून झाल्यावर?"

"फॉर्मेलिनमध्ये ठेवतात."

"पगार किती?"

मी प्रमाणपत्राविषयी सांगितले. भाजीवाल्याने ते पुढच्या माणसाला सांगितले, त्याने दाराशी उभ्या असलेल्याला, आणि रबाळे येईपर्यंत साऱ्या डब्याला माझ्याविषयी हळहळ वाटू लागली होती. मावशींना मात्र वाटली नाही. "माझी सासू ह्याच खाडीत कालवं काढायची. आता गाळ वर आला, मासा भायेर गेला. ह्ये कलायला किडं मोजावं लागतात व्हय?"

याचे उत्तर माझ्याकडे होते. आकडे नसतील तर कोणी ऐकत नाही, हे ते उत्तर. पण गेल्या तीन वर्षांचे आकडे प्रयोगशाळेच्या कपाटात गठ्ठा बांधून पडलेले मी स्वतः पाहिले आहेत, त्यामुळे मी बादलीचे झाकण लावण्यात मन गुंतवले. खाडीचा मान तसा मोठा आहे. २०१५ मध्ये तेथे फ्लेमिंगो अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. फ्लेमिंगो त्याच गाळात उभे राहिले, की लोक ऐरोलीहून होडीचे तिकीट काढून पाहायला येतात. मी उभी राहिले, की मला प्रवासभत्तासुद्धा मिळत नाही. "अनुभव हाच भत्ता" हे वाक्य आमच्या मार्गदर्शकांचे, आणि ते स्वतः वातानुकूलित गाडीने येतात.

ऐरोलीपासून ठाण्यापर्यंत मी दाराशी बादली धरून उभी राहिले. उतरताना मावशींनी आपली पाटी माझ्याकडून डोक्यावर चढवून घेतली आणि "साबनानं हात धू गं बाय," असे बजावले. त्या पाटीतल्या बोंबलांचे पाणी माझ्या खांद्यावर ओघळत होते, हे येथे नमूद करते.

प्रयोगशाळेत पोहोचल्यावर कळले, की मावशींच्या ओल्या हाताने दोन पिशव्यांवरची शाई पुसली गेली आहे आणि दुसऱ्या ठिकाणचा गाळ कोणता, तिसऱ्याचा कोणता, हे आता कोणीच सांगू शकत नाही. नावे पेन्सिलीने लिहायची असतात, हे मला त्यानंतर सांगण्यात आले. दोन्ही नमुने पुन्हा आणायचे ठरले. ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा बुधवारी माझी परतीची गाडी निराळी असेल आणि मावशी भेटणार नाहीत, एवढा हिशेब करूनच मी मार्गदर्शकांना होकार दिला.

बुधवारी मावशींचीही गाडी चुकली होती.